रविवारची ताम्हिणी फेरी: गाडी तपासूनच आणा

मंडळी, येत्या रविवारी आपल्या जुन्या गाड्या घेऊन पहाटे ५.४५ ला पुण्याच्या चांदणी चौकात जमायचं. बरोबर ६ ला निघून मुळशीमार्गे ताम्हिणी घाट. त्याआधी एवढं बघा:

– कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) पाइप बोटांनी दाबून पाहा. तीस वर्षांचं रबर वरून धड दिसतं, आतून पापडासारखं मोडतं. मागच्या खेपेला घाटात माझाच फुटला, दीड तास बॉनेट उघडून उभा होतो.
– माझदा आरएक्स-८वाल्यांनी लिटरभर इंजिन ऑइल जवळ ठेवावं. तिचं रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणारं) ऑइल जाळतंच. थंड इंजिन सुरू करून लगेच बंद करू नका, स्पार्क प्लग पेट्रोलनं भिजतात, गाडी परत सुरू होत नाही (आणि मग ढकलायला आम्ही!).
– १५ वर्षांवरच्या गाडीची नूतनीकरण केलेली आरसी, विमा, पीयूसी हवेच.

घाटात शर्यत नाही. शुक्रवारी रात्रीपर्यंत नाव कळवा.