पाणी जास्त पितोय, ते फक्त उन्हामुळं नाही

संपादक महोदय,
रविवारच्या पुरवणीतला उन्हाळ्यात कुत्र्यांची काळजी कशी घ्यायची हा लेख वाचला, चांगला होता, पण कुत्रा जास्त पाणी पितो ते उन्हामुळं, एवढंच लिहून सोडलंय ते पटलं नाही. सोलापुरात पारा ४२ वर गेला की आपण सगळे असंच समजतो. आम्हीपण समजलो, मग आमचा ११ वर्षांचा मोती रात्री उठून घरातच लघवी करायला लागला, जेवण सोडलं, तेव्हा कुठं डॉक्टरकडं नेलं आणि तोवर किडन्या बऱ्याच गेल्या होत्या. रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वाढलेलं दिसतं तेव्हा किडनीचं साधारण ७५ टक्के काम आधीच थांबलेलं असतं. म्हणून सात-आठ वर्षांपुढच्या कुत्र्याची वर्षातून एकदा तरी लघवी तपासून घ्या, एसडीएमए नावाची रक्ततपासणी पण असते, त्यात बरंच लवकर कळतं. आणि घर घाण होतं म्हणून पाण्याचं भांडं कृपा करून उचलू नका, किडनी पाणी धरून ठेवू शकत नाही म्हणूनच तो बिचारा पितो. आपल्याकडं घरोघरी द्राक्षं, बेदाणे असतात, ते लाडानंसुद्धा देऊ नका, थोड्याशानंही किडनी अचानक बंद पडू शकते.

– एक वाचक, जुळे सोलापूर