पोर कुणाबरोबर जेवतं?

दापोली, शुक्रवार

बाळा,
अस्सलामु अलैकुम.

काल फोनवर म्हणालास, "अब्बा, इथे लेस्टरला मशिदीत सगळे गुजरातीत बोलतात. मराठी मंडळात गेलो तर नाव ऐकून विचारतात, मराठी कसं येतं? आता मला कुणीच नको. अल्लाह एक आहे, तेवढं पुरे." मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. रात्रभर डोळा लागला नाही.

तू नमाज सोडली नाहीस, याचा केवढा अभिमान वाटतो ते मी कधी बोललो नाही. पण दार लावून पढतोस का रे? जेवतोसही एकटाच?

दादी हजरत बिलालांची गोष्ट सांगायची, अल्लाह एक म्हटलं म्हणून धन्याने छळलेल्या गुलामाची. मक्केची तापलेली वाळू, छातीवर धोंडा आणि तोंडात 'अहद, अहद', तो एक, तो एक. तिथवर येईतो तुला झोप लागलेली असायची. पुढे पैगंबरांचे सोबती अबू बक्र यांनी त्यांना सोडवलं. 630 साली मक्का हाती आली, तेव्हा काब्याच्या छतावरून अजान दिली ती बिलालांनीच. अजान म्हणजे बोलावणंच ना? धोंड्याखाली एकट्याने 'अहद' म्हणणारा माणूस सगळ्यांना बोलवायला उभा राहिला. जमातीची नमाज एकट्याच्या नमाजेहून 27 पट... बघ, सुरू झाली माझी तकरीर. माफ कर.

हजला काब्याभोवती नमाजेच्या सफा, म्हणजे रांगा, गोल असतात. माझ्या उजवीकडे नायजेरियाचा म्हातारा, डावीकडे तुर्की पोरगा. कुणाचं बोलणं कुणाला कळेना. नमाज संपवून उजवी-डावीकडे सलाम फेरताना दोघांचे चेहरे पाहिले आणि मला आपलं अंगण आठवलं. इथे आपला किब्ला, काब्याची दिशा, पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला. तुझा आग्नेयेला. म्हणजे नमाजेत आपण समोरासमोरच उभे असतो.

गुजराती नाही आली तर नको येऊ दे, 'आमीन' सगळ्यांचं एकच. जुम्म्याला जा. शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लागू दे. चपला घालताना एकाला तरी विचार, जेवलात का? मंडळातल्यांवरही रागावू नकोस. सांग त्यांना, माझी दादी लग्नाची गाणी मराठीतच गायची.

दादी आता फार बोलत नाही. नमाजेत बसून अत्तहियात म्हणताना, अल्लाह एक म्हणून उचलायचं ते बोट मात्र बरोबर उठतं. ते धरून तू विचारायचास, एकच का?

काल तुझं नाव काढलं तर म्हणाली, "पोर कुणाबरोबर जेवतं?"

मला सांगता आलं नाही.

तुझे अब्बा