एडिट केला म्हणून फोटो खोटा?

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला, "फोटो मस्त आलाय, पण एडिट केलायस ना, मग खरा कसा?" दोन ओळींत उत्तर देण्यासारखं नाहीये म्हणून सविस्तर लिहितोय, तसंही सध्या माझ्या डोक्यात दुसरं काही नसतंच.

आधी एक प्रयोग कर. कॅमेरा ऑटोवर ठेव, खिडकीजवळ कोरा पांढरा कागद ठेव आणि फ्रेममध्ये फक्त कागदच येईल असा फोटो काढ. कागद पांढरा नाही येणार, मळकट राखाडी येईल. मग तिथेच काळं कापड ठेवून काढ, तेही राखाडीच! मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून बघतच बसलो. होतं काय, कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर असं धरून चालतं की समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी आहे, म्हणजे साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारं. समोर कागद आहे की कोळसा, त्याला काय कळणार? ते तू सांगायचं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सेटिंग, +१.५ च्या आसपास ने, कागद पांढरा होतो, कापडासाठी मायनसमध्ये जा. आणि स्क्रीनवर किती उजळ दिसतंय त्यावर जाऊ नकोस, हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद-उजळ किती ते दाखवणारा आलेख, बघ, तो उजव्या कडेला जाऊन चिकटला की कागदावरचे बारीक धागे गेलेच समज, ते नंतर परत मिळवणं कठीण.

रंगाचंही तेच. सेन्सरला, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपला, मुळात रंग कळतच नाही रे, उजेड किती पडला एवढंच कळतं. म्हणून त्यावर लाल, हिरवे, निळे बारीक फिल्टर बसवतात, त्यातले निम्मे हिरवे, कारण आपल्या डोळ्याला हिरव्यातले बारकावे जास्त दिसतात. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही रचना, १९७६ चं पेटंट, आणि आजही बहुतेक कॅमेऱ्यांत तीच! म्हणजे एक पिक्सेल एकच रंग मोजतो, उरलेले दोन आजूबाजूच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरतात. मग वर व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणं), कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग (कडा ठळक करणं), हेही कॅमेराच करतो. तू ज्याला एडिट न केलेला म्हणतोस तो जेपेग, म्हणजे नेहमीची तयार फोटो फाइल, हे सगळं होऊनच तुझ्या हातात येतो. मी रॉमध्ये, म्हणजे सेन्सरने मोजलेलं कच्चं तसंच ठेवणाऱ्या फाइलमध्ये, काढतो ते याचसाठी, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिट रॉमध्ये १६,३८४, त्यामुळे सावलीतला चेहरा उजळायला भरपूर वाव राहतो आणि किती उजळायचा ते मी ठरवतो. आकाशच बदलून टाकणं किंवा नसलेला पक्षी आणून बसवणं मात्र मला अजिबात पटत नाही.

आणि नळाची बारीक धार एकदा १/१००० सेकंदाच्या शटर स्पीडला (म्हणजे तेवढाच वेळ उजेड आत घेऊन) काढून बघ, एकदा १/१५ ला. पहिल्यात थेंब सुटे सुटे, काचेच्या मण्यांसारखे, दुसऱ्यात नुसती गुळगुळीत रेघ. दोन्हीत एडिटिंग शून्य. आता यातली खरी धार कुठली, सांग बरं!

अपर्चरबद्दल, म्हणजे लेन्समधल्या लहान-मोठ्या होणाऱ्या छिद्राबद्दल, भेटल्यावर बोलू, ते लेन्स हातात घेऊनच दाखवायला हवं. तोवर तुझ्या त्या सूर्यास्ताच्या फोटोची मूळ फाइल पाठव, पण व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव हां, फोटो म्हणून टाकलास तर कॉम्प्रेस होऊन येते. झाडांच्या काळोखात काय काय दडलंय ते मला बघायचंय.

तुझाच,
मित्र