वऱ्हाडातला तोतया विसरलात

संपादक महाशय,

तोतया राजांवरचा आपला लेख आमच्या पारावर मोठ्याने वाचला गेला. पानिपतावर पडलेल्या भाऊसाहेबांच्या नावाने फिरलेल्या आणि 1776 मध्ये पुण्यात देहान्त झालेल्या तोतयावर अर्धे पान. आमच्या वऱ्हाडातल्या तोतयाला मात्र एक ओळही नाही!

नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले यांना इंग्रजांनी 1818 मध्ये गादीवरून उतरवले. त्यांना अलाहाबादकडे नेत होते, तेव्हा ते शिपायाचा वेश करून वाटेतूनच निसटले. म्हणजे सोंग आधी खऱ्यानेच घेतले. 1840 मध्ये ते जोधपूरला वारले. तरी 1849 मध्ये वऱ्हाडात एक जण ‘मीच आप्पासाहेब’ म्हणत उभा राहिला, त्याने माणसे जमवली. शेवटी हैदराबाद कंटिन्जंटने, म्हणजे निजामाच्या पैशावर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली चालणाऱ्या फौजेने, त्याला पकडले.

जोधपूरची बातमी खेड्यापाड्यांत कोण आणणार? आणि मेलेल्या राजाच्या मागे माणसे का गेली, हा प्रश्न मला त्या तोतयापेक्षा मोठा वाटतो. वऱ्हाड तेव्हा निजामाकडे होते, शेतसारा वसूल करणारे मक्तेदार रयतेला पिळत होते. पारावरचे एक आजोबा विडी विझवत एवढेच म्हणाले, “खरा कोन, खोटा कोन, कास्तकाराले काय करा लागते? सारा माफ करतो म्हनला असंन, गेले लोकं.”

पुढच्या रविवारी त्यालाही अर्धे पान द्या.

– एक कास्तकार वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती