मुक्तिनाथच्या भेटीची तारीख

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

नेपाळमधल्या अन्नपूर्णा परिक्रमेचा, म्हणजे त्या पर्वतरांगेभोवतीच्या पायी वाटेचा, बेत मी फोनवर सांगितला तेव्हा तुम्ही दोघे रागवाल, निदान गप्प तरी राहाल, अशी माझी समजूत होती. त्याऐवजी दुसऱ्याच दिवशी नकाशा समोर ठेवून बाबांनी विचारले की, ही वाट थोरांग ला ही खिंड ओलांडून मुक्तिनाथलाच उतरते, तर आम्ही दोघे विमानाने जोमसोमला येऊन तुला त्या दिवशी देवळाच्या दारात का भेटू नये? या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला तीन आठवडे लागले. भेटीची कल्पना मला मनापासून आवडली आहे. मात्र तुम्ही खाली वाट पाहत असाल त्या दिवशी वर खिंडीच्या तोंडाशी मी कसा निर्णय घेईन, याची मला खात्री वाटेना, आणि हे फोनवर नीट सांगता येईना, म्हणून लिहिते आहे.

आधी वाट सांगते. आम्ही तिघी मैत्रिणी, एक परवानाधारक गाईड आणि एक पोर्टर असे पाच जण आहोत. दशैंची, म्हणजे नेपाळी दसऱ्याची, गर्दी ओसरली की 3 नोव्हेंबरला जीपने बेसीसहरमार्गे धारापानीला पोहोचू. बेसीसहर जेमतेम 760 मीटर उंचीवर आहे, आणि आता जीपचा रस्ता थेट मनांगपर्यंत, म्हणजे सुमारे 3,540 मीटरपर्यंत गेला आहे. बाबा, तुम्ही विचारले होते की रस्ता असताना पायपीट कशासाठी. खरे कारण हेच आहे की, त्या रस्त्याने माणूस एकदोन दिवसांत पावणेतीन हजार मीटर वर जाऊन बसतो आणि त्याच्या शरीराला त्याची वार्ताही लागलेली नसते. म्हणून धारापानीपासून पुढे आम्ही चालणार आहोत: 4 तारखेला चामे (सुमारे 2,700 मीटर), 5 ला अप्पर पिसांग (3,300), 6 ला ङावल (सुमारे 3,650) आणि 7 ला मनांग. ङावलहून मनांगला जाताना उंची थोडी कमीच होते. पिसांगहून खालच्या सपाट वाटेने मनांगला लवकर पोहोचता येते, पण वरच्या वाटेवर एक रात्र ङावलला काढली की मनांगमधली पहिली रात्र सोपी जाते, असे गाईडचे म्हणणे आहे आणि मला ते पटले.

मनांगला तीन रात्री मुक्काम आहे. पुष्कळ लोक तिथे दोनच रात्री थांबतात. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर राहावे, हा या क्षेत्रातला सर्वमान्य नियम आहे. त्यात मोजायची ती झोपण्याची उंची. दिवसा वर चढून रात्री खाली उतरून झोपणे शरीराला मानवते, आणि म्हणूनच विश्रांतीच्या दिवशी आम्ही खोलीत पडून राहणार नाही. ब्रागा गावाच्या वर सुमारे 4,600 मीटरवर एक तळे आहे, तिथवर सावकाश जाऊन परत येऊ. हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही 1973 मध्ये स्थापन झालेली संस्था हंगामात मनांगला आरोग्य चौकी चालवते आणि तिथले डॉक्टर उंचीच्या आजारावर ट्रेकरांसाठी बोलतात. ते मी ऐकणार आहे, आणि पुढे जाण्यापूर्वी आम्हा सर्वांना, पोर्टरसकट, तिथे एकदा दाखवून घेणार आहे. पोर्टरला काही होत नाही असा सरसकट समज असतो, आणि तो खोटा आहे. पुष्कळ पोर्टर सखल भागातून आलेले असतात आणि मजुरी बुडेल या भीतीने डोकेदुखी लपवतात. आमच्या पोर्टरच्या विम्याची आणि उबदार कपड्यांची व्यवस्था ठरल्यावरच मी आगाऊ रक्कम दिली.

मनांगनंतर 10 तारखेला याक खर्क (सुमारे 4,050) आणि 11 ला खिंडीच्या पायथ्याचे थोरांग फेदी (सुमारे 4,450). यानंतरचा टप्पा मी सर्वांत जास्त वेळा कागदावर खोडून पुन्हा लिहिला आहे. फेदीच्या वर, 4,850 मीटरच्या आसपास, हाय कॅम्प आहे. तिथे झोपले तर खिंडीच्या दिवसाचा चढ जवळजवळ निम्मा होतो आणि पहाटे उशिरा निघाले तरी चालते. पण याक खर्कहून थेट हाय कॅम्पला गेले तर झोपण्याची उंची एका दिवसात आठशे मीटरने वाढते, आणि खिंडीच्या आदल्या रात्रीच झोप उडते. फेदीला राहिले तर दुसऱ्या दिवशी अंधारात साडेनऊशे मीटरहून अधिक चढायचे आणि लगेच पलीकडे सोळाशे मीटरच्या आसपास उतरायचे, म्हणजे गुडघ्यांचा दिवस. मी गुडघ्यांचा दिवस निवडला आहे. गुडघे दुखले तर मी हळू चालेन, पण फुप्फुसात पाणी झाले तर हळू चालून भागत नाही.

आई, तू विचारले होतेस की वर प्राणवायू कमी असतो म्हणजे नेमके काय होते. हवेतले प्राणवायूचे प्रमाण तिथेही सुमारे 21 टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब. थोरांग ला 5,416 मीटरवर आहे आणि तिथला दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, म्हणून प्रत्येक श्वासात निम्माच प्राणवायू आत जातो. शरीर त्यावर उपाय करते: श्वास जलद होतो, लघवी वाढते, रात्री झोपेत श्वास काही क्षण थांबून पुन्हा जोरात सुरू होतो. हे शेवटचे शेजारी झोपलेल्याला फार घाबरवते, पण तो आजार नव्हे. डोकेदुखी आणि तिच्या जोडीला मळमळ, भूक मरणे, चक्कर किंवा विलक्षण थकवा असेल, तर मात्र तो उंचीचा आजार धरायचा आणि त्या रात्री त्याहून वर झोपायचे नाही. विश्रांती घेऊनही धाप लागत असेल, खोकला वाढत असेल, किंवा एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, तर सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी, खाली उतरायचे.

उंचीचा आजार टाळण्यासाठी घेतात त्या डायमॉक्सबद्दल बाबांनी काळजी व्यक्त केली होती. ते औषध लक्षणे झाकत नाही. मूत्रपिंडांवाटे ते रक्ताची आम्लता किंचित वाढवते आणि त्यामुळे श्वासोच्छ्वास आपोआप वाढतो, म्हणजे शरीर जे काम चार दिवसांत करणार ते थोडे लवकर होते. बोटांना मुंग्या येतात, एवढे मी ऐकून आहे. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी ते परस्पर घेऊ नये, म्हणून मी डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी 125 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा लिहून दिली आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येते. ऑक्टोबर 2014 मध्ये हुदहुद हे चक्रीवादळ 12 तारखेला विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आले, आणि त्याचा उरलेला जोर दोन दिवसांनी, 14 तारखेला, नेपाळच्या पर्वतांत हिमवादळ होऊन कोसळला. अन्नपूर्णा आणि धौलागिरीच्या परिसरात किमान 43 माणसे गेली, आणि त्यांतली बरीच याच थोरांग लाच्या उतारावर होती. त्यांत ट्रेकर होते, गाईड होते, पोर्टर होते, याक राखणारेही होते. वादळ समुद्रावरून येत असल्याचे दोन दिवस आधी साऱ्या भारताला ठाऊक होते. फेदीला थांबलेल्यांपर्यंत ती बातमी पोहोचली नाही, किंवा पोहोचली तरी तिचा खिंडीशी संबंध कुणी लावला नाही. तेव्हापासून निरोप बरेच सुधारले आहेत, आणि 9 तारखेपासून रोज संध्याकाळी बंगालच्या उपसागराचा अंदाज बघून मला कळवण्याचे काम बाबा, मी तुमच्यावर सोपवते आहे. हवामान खात्याच्या पत्रकांचा तुमचा जुना छंद आता कामी येईल.

पण त्या घटनेबद्दल वाचताना मला जास्त अस्वस्थ केले ते दुसऱ्याच गोष्टीने. खिंडीजवळच्या छोट्या चहाच्या झोपडीत अडकलेली काही माणसे बर्फ पडत असतानाच उतरायला निघाली आणि वाट चुकली. त्यांच्या मनात काय होते ते आपल्याला कळायचे नाही. मी मात्र स्वतःला ओळखते. खाली मुक्तिनाथला थंडीत शाल पांघरून तुम्ही दोघे सकाळपासून बसला आहात, बाबा दर दहा मिनिटांनी वाटेकडे बघत आहेत, हे डोळ्यांसमोर असताना मला डोकेदुखी सुरू झाली, तर ती मी गाईडला सांगेन का? मला वाटते, मी एक गोळी घेऊन गप्प बसेन. पर्वतात ठरलेली तारीख हा सर्वांत वाईट सोबती, कारण तो सारखा पुढे ढकलतो आणि पुढे काय आहे हे त्याला ठाऊक नसते.

म्हणून माझी विनंती अशी आहे. तुम्ही या, जरूर या. पण मुक्तिनाथला माझ्यासाठी येऊ नका, मुक्तिनाथसाठी या. मी 12 ला खिंड ओलांडण्याचा प्रयत्न करीन. 13 आणि 14 हे दोन दिवस राखीव आहेत. 14 लाही जमले नाही, तर आम्ही आलो त्याच वाटेने परत फिरू, रस्त्याने पोखऱ्याला येऊ, आणि आपली भेट तिथे तलावाकाठी होईल. वर जायचे की नाही हे गाईड ठरवतील, आणि त्यांनी नको म्हटले की आम्ही तिघी त्यावर वाद घालणार नाही, असे आधीच एकमेकींत ठरवले आहे. तुम्ही हे सारे आधीच मान्य करून तसे स्पष्ट कळवलेत, तरच मी तुमच्या तिकिटांचे बघते. परत फिरले तर तुम्हाला वाईट वाटेल, हे मी गृहीत धरले आहे. मला आतापासून एवढेच हवे आहे की, ते वाईट वाटणे मी खिंडीच्या तोंडाशी माझ्या सॅकमध्ये वाहून नेऊ नये.

तुमच्या प्रवासालाही उंचीचा नियम तसाच लागू आहे, आणि खरे तर जास्त कडक लागू आहे. पोखरा सुमारे 820 मीटरवर, जोमसोम 2,700 च्या थोडे वर, आणि मुक्तिनाथ 3,700 च्याही वर. विमान पोखऱ्याहून वीसेक मिनिटांत जोमसोमला उतरवते, तिथून जीप काही तासांत मुक्तिनाथच्या देवळाखालच्या राणीपौवा गावाला नेते, म्हणजे माझ्या आठ-नऊ दिवसांच्या चढाचा मोठा भाग तुम्ही एका सकाळी संपवाल. पुष्कळ यात्रेकरू हेच करतात आणि देवळात पोहोचेपर्यंत डोके धरून बसतात. तुम्ही 12 ला जोमसोमला या, दोन रात्री तिथे किंवा जवळच्या मार्फा गावात राहा, 14 ला सकाळी मुक्तिनाथला जाऊन दर्शन घ्या आणि झोपायला पुन्हा खाली जोमसोमला या. राणीपौव्यापासून देवळापर्यंत चढ आहे. तो थांबत थांबत चढायचा. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि ही उंची यांचे जमेल का, हे त्यांच्या डॉक्टरांना जाण्याच्या महिनाभर आधी विचारून घ्यायचे आहे. दोघांनीही तपासून घ्या, आई, तूसुद्धा. आणि बाबा, तिथल्या 108 धारांखाली एकामागून एक स्नान करण्याचा तुमचा संकल्प मला आईकडून कळला आहे. पाणी हिमाचे असते. हाताने शिंपडून घेतले तरी पुण्य कमी भरणार नाही, असे मी तरी धरून चालते.

काली गंडकीच्या खोऱ्यात सकाळ उलटली की वाऱ्याचा जोर इतका वाढतो की जोमसोमची विमाने सकाळीच येतात-जातात आणि वरचेवर रद्द होतात. परतीला म्हणून दोन दिवस मोकळे ठेवा. शाळिग्राम त्याच नदीच्या पात्रात मिळतात. ते म्हणजे हिमालय उभा राहण्यापूर्वी तिथे असलेल्या समुद्रातल्या जिवांचे अश्म आहेत, हे आईला सांगितले तर तिची भक्ती वाढेल की कमी होईल, याचा मला अंदाज नाही.

कागदपत्रे थोडक्यात: अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना तुम्हालाही लागतो, सार्क देशांच्या नागरिकांना तो नेपाळी 1,000 रुपयांना मिळतो, आणि आपला एक रुपया म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे. व्हिसा लागत नाही, पण पारपत्र किंवा मतदार ओळखपत्र मूळ प्रतीतच जवळ असू द्या. माझ्या विम्यात 6,000 मीटरपर्यंतची हेलिकॉप्टर सुटका धरली आहे, हे पॉलिसीच्या मजकुरात स्वतः वाचून खात्री केली. पुष्कळ पॉलिसी त्याच्या कितीतरी खालीच थांबतात. पॉलिसीची प्रत आणि गाईडचा क्रमांक या पत्रासोबत आहे. मनांगपर्यंत रोज रात्री फोन करीन. त्यापुढे संपर्क बेभरवशाचा असतो, म्हणून 10 ते 14 या काळात माझा निरोप आला नाही तर काळजी करायची नाही, आणि 15 च्या संध्याकाळपर्यंतही आला नाही तर त्या क्रमांकावर फोन करायचा.

तिकिटे या महिन्याअखेर काढावी लागतील. दोघांचे उत्तर वेगवेगळे पाठवा. बाबा आईच्या वतीने होकार देतात, हे मला चांगले ठाऊक आहे.

आपली,
धाकटी