तिथं आहेच काय म्हणे

मा. संपादक साहेब, नमस्कार.

ग्रेट निकोबारच्या (अंदमान-निकोबारमधलं अगदी दक्षिणेचं बेट) प्रोजेक्टवर तुमच्या पेपरात जे जे येतं ते मी सगळं वाचते, गलाथिया बे मधलं बंदर, विमानतळ, 72 हजार कोटी, लेदरबॅक कासवं, तिथले मूळचे शोंपेन आदिवासी, मलाक्काची सामुद्रधुनी सगळं. पण परवा टीव्हीवर एक साहेब बोलले की तिथं आहेच काय, नुसतं जंगल. मग मला काय राहवलं नाही. तिथं माझी आत्या राहते हो. 1974 पासून.

बऱ्याच जणांना माहितीच नसतं की 1969 ते 1980 च्या दरम्यान सरकारनं रिटायर फौजींची 330 कुटुंबं तिकडं नेऊन वसवली, पंजाबची, केरळची, तामिळनाडूची, आणि आपल्या महाराष्ट्रातलीपण. बेटाच्या दक्षिण टोकापासून, इंदिरा पॉइंटपासून, इंडोनेशियाचं सुमात्रा दीडशे किलोमीटरच्या आसपास आणि पोर्ट ब्लेअर पाचशेच्या वर, म्हणून आपली माणसं तिथं असावीत असा हिशोब होता. कुटुंबामागं 11 एकर जमीन. आमच्याकडं साताऱ्यात घरटी एक फौजी, आणि काकांच्या (आत्याच्या नवऱ्याच्या) वाटणीला एकरभरसुद्धा येत नव्हती, त्यामुळं 11 एकर ऐकल्यावर त्यांनी फॉर्म भरून टाकला. आत्याला कुणी विचारलं नाही, तेव्हा बायकांना विचारायची पद्धतच नव्हती. कडेवर सहा महिन्यांचं पोर घेऊन ती मद्रासला बोटीत बसली, तोवर तिनं समुद्र बघितलेला नव्हता, आणि पोर्ट ब्लेअरला उतरल्यावर तिला वाटलं आलं गाव, तर अजून दुसरी बोट बाकी होती. (आता श्री विजयपुरम नाव झालंय, आत्या अजून पोटबिलेरच म्हणते.)

बेटावरचं मुख्य गाव कॅम्पबेल बे, तिथपासून दक्षिणेला किनाऱ्याकिनाऱ्यानं रस्ता, ग्रेफवाल्यांनी (सीमाभागात रस्ते बांधणारं सरकारी दल) काढलेला, त्यावर गोविंदनगर, जोगिंदरनगर, विजयनगर, लक्ष्मीनगर, गांधीनगर, शास्त्रीनगर अशी ही गावं. नावं नगराची आणि आजूबाजूला जंगल. नारळ लावले, सुपारी लावली, मलेरियानं सगळी एकेकदा झोपून उठली. नारळ धरायला लागले तर माकडं यायला लागली, मग आत्या पहाटेपासून डबा बडवत बागेत. ओढ्यावर धुणं न्यायचं तर एकीनं धुवायचं आणि एकीनं मगरीवर लक्ष ठेवायचं, तिची जोडीदारीण पंजाबी सरदारीण होती, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती तेव्हापासूनची मैत्री. ज्वारी तिथं नाही. आजी बोटीनं पीठ पाठवायची, ते पोचेपर्यंत त्यात पोरकिडे झालेले असायचे, आत्या चाळून घ्यायची आणि भाकरी करायची. आणि आजी गेल्याची बातमी तिला तेरावा होऊन गेल्यावर कळली. ह्यावर ती कधीच काही बोलत नाही.

26 डिसेंबर 2004, रविवार. सकाळी साडेसहाच्या सुमाराला भूकंप झाला तेव्हा ती विळीवर नारळ खवत बसली होती. उभंच राहता येईना म्हणे, जमीन थांबायचं नावच घेईना. मग कुणीतरी ओरडलं की समुद्र बघा, आणि सगळे डोंगराकडं पळाले. वर पोचल्यावर बघते तर हातात विळी. ट्रंक गेली, रुखवतातली भांडी गेली, काकांचा फोटो गेला (काका त्याआधीच वारले होते), विळी तेवढी राहिली. ती अजून वापरात आहे, पातं बदललंय फक्त. रस्ता तुटला, बेटाचं दक्षिण टोक खाली बसलं, इंदिरा पॉइंटच्या दीपस्तंभाचा पाया पाण्यात गेला आणि आत्याची निम्मी बागपण. पुढं कित्येक वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये, जिथं पाऊस सुरू झाला की शेजारी बसलेल्या माणसाचं ऐकू येत नाही, आणि तिथं पाऊस सुरूच असतो. भरपाईसाठी एका ऑफिसात गेली तर पहिला प्रश्न, जमीन कुणाच्या नावावर? नवऱ्याच्या. नवऱ्याला घेऊन या. मेला. मग दाखला आणा. दाखला ट्रंकेत, ट्रंक समुद्रात. तीस वर्षं माकडं हाकली तिनं, पण कागदावर ती कुठंच नव्हती.

आता विमानतळ गांधीनगर-शास्त्रीनगरच्या पट्ट्यात होणार म्हणतात, म्हणजे परत जमीन जाणार. मला वाटलं आत्या चिडली असेल, तर तसं नाही. ती म्हणते दवाखाना होणार असेल तर होऊ दे, सुनेला बाळंतपणाला जहाजात घालून न्यायचे दिवस मी बघितलेत. प्रोजेक्टमुळं तिथं येणाऱ्या लाखो लोकांना पाणी कुठनं आणणार हे मात्र ती विचारते. आणि एकदा फोनवर बोलली, आम्ही पण कुणाच्या तरी जंगलातच आलो होतो की गं, शोंपेनला तरी कुणी विचारलं होतं का तेव्हा? मी गप्पच बसले. मी सातारला बसून प्रोजेक्ट पाहिजे का नको ते ठरवणार नाही, कासवांवर लिहू नका असंही मी म्हणत नाही, जरूर लिहा. पण पहिल्या खेपेला गेलेल्या ह्या बायका आता सत्तरी-पंचाहत्तरीच्या पुढं आहेत, दर वर्षी एखादी कमी होतेय, आणि त्यांच्याशी मराठीत बोलायला अजून कुणी गेलेलं माझ्या तरी वाचनात नाही. तुमचा वार्ताहर तिकडं जाणार असेल तर पाठवा. आत्याची मराठी 1974 ची आहे, पेट्रोमॅक्स आणि येष्टीच्या काळातली, मजा येईल त्याला.

जाणं जमत नसेल तर फोन करा, नंबर मी देते, फक्त दुपारी चारच्या आत. घड्याळ आपलंच आहे पण तिकडं साडेपाचला दिवस मावळतो आणि सातला आत्या जेवून झोपते.

तुमची एक वाचक,
जि. सातारा