पावसाआधी ठरवून ठेवा, रात्री पान लागलं (साप चावला) तर गाडी कोणाची

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मृग जवळ आला की पेपरात बियाणं, खत, पीककर्ज याच्या बातम्या भरपूर येतात आणि त्या यायलाच पाहिजेत, पण त्याच दिवसात घरोघरी सापाची भीती सुरू होते त्याबद्दल फार कमी छापून येतं म्हणून हे पत्र. आपल्या देशात वर्षाला अंदाजे ५८ हजार माणसं सर्पदंशानं जातात असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे, आणि त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यात. बहुतेक सगळे खेड्यातले. यातले कितीतरी वाचण्यासारखे असतात.

लक्षात ठेवायचे मुख्य विषारी साप चार, नाग, मण्यार, घोणस, फुरसं. सरकारी दवाखान्यात साप चावल्यावर देतात ती लस, म्हणजे विषावरचं औषध, या चारही सापांच्या विषासाठी बनवलेली असते, त्यामुळे कोणता साप होता ते बघायला काठी घेऊन त्याच्या मागे लागायची काही गरज नाही, त्यात आणखी कोणालातरी चावतो आणि वेळ जातो तो वेगळाच. डॉक्टर लक्षणं बघून उपचार चालू करतात.

मण्यारीबद्दल जरा जास्त लिहितो कारण सगळ्यात फसवी तीच. रात्री फिरते, खाली झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते आणि चावली तरी धड दुखत नाही, सूज नाही, कधीकधी दाताची खूणसुद्धा सापडत नाही. माणूस कूस बदलून परत झोपतो. पहाटे पोटात दुखतं, उलटी होते, घरचे म्हणतात पित्त झालं असेल, मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास बंद पडतो. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं कोणी, खास करून लहान पोर, पहाटे पोटदुखीनं उठलं आणि त्याचे डोळे नीट उघडेनात तर घरगुती औषध देत बसू नका, तडक दवाखाना गाठा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा चारी बाजूनं अंथरुणाखाली नीट खोचा, डासांसाठी घेतलेली मच्छरदाणी मण्यारीलाही बाहेर ठेवते.

चावल्यावर तो हात किंवा पाय हलणार नाही असा फळी लावून, हाड मोडल्यावर बांधतात तसा बांधा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण लगेच काढा. दोरीनं करकचून आवळू नका, ब्लेड मारू नका, तोंडानं विष ओढू नका. आधीच कोणी आवळलं असेल तर ते डॉक्टरांसमोरच सोडा. आणि माणसाला चालवत नेऊ नका.

आता माझं खरं म्हणणं. यातलं बरंच लोकांना ऐकून माहीत असतं तरी माणूस दगावतो, कारण रात्री दोनला गाडी मिळत नाही आणि लस नक्की कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नसतं. जवळच्या केंद्रावर नेलं, तिथून तालुक्याला, तालुक्यावरून जिल्ह्याला, त्यात पहाट होते. हे पाऊस पडायच्या आधी एका संध्याकाळी पारावर बसून ठरवता येतं की. लस कुठे आहे आणि श्वासाचं मशीन कुठे आहे हे आशाताई आणि आरोग्य सेवकांकडून विचारून घ्या, गाडीवाल्यांची रात्रीची पाळी लावा, ओढ्याला पाणी आलं तर कोणत्या रस्त्यानं जायचं तेही बोला. १०८ च्या रुग्णवाहिकेला फोन करायचाच, पण तिला यायला उशीर लागणार असेल तर वाट बघत बसायचं नाही, आणि निघतानाच दवाखान्यात कळवायचं. नंबर ग्रुपवर टाकले म्हणजे झालं असं धरू नका, ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा आणि शेतातल्या सालगड्याला, पालावरच्या कुटुंबांना घरी जाऊन सांगा, ते कुठल्या ग्रुपमध्ये नसतात आणि झोपतात मात्र जमिनीवरच.

गावात कोणी मंतरणारा असेल तर त्याच्याशी भांडत बसू नये असं मला वाटतं. बरेच साप बिनविषारी असतात, विषारी सापही दरवेळी विष सोडतोच असं नाही, त्यामुळे उतारा लागू पडला असं लोकांना मनापासून वाटतं. त्यालाच बैठकीला बोलवा आणि विनंती करा की तुमच्याकडे कोणी आला तर तुम्हीच त्याला गाडीत बसवा, लोक तुमचं ऐकतात. विंचवाच्या बाबतीत महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिनच्या साध्या गोळीनं कोकणात कितीतरी जीव वाचवले, तेव्हा औषधानं माणूस वाचतो हे आपल्या लोकांनी डोळ्यानं पाहिलेलं आहे.

बाकी रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका, गोवऱ्या आणि सरपण घराच्या भिंतीला लागून रचू नका, उंदीर आले की मागून साप येतो.

साहेब, केंद्र सरकारनं २०२४ मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय आराखडा काढला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं ठरवलंय. तुम्ही एक करा, दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी प्रत्येक तालुक्यात कोणकोणत्या दवाखान्यात लस शिल्लक आहे आणि तिथला रात्रीचा फोन कोणता, ही यादी आरोग्य विभागाकडून मागून घेऊन पहिल्या पानावर छापा. कापून दाराला चिकटवता येईल एवढीच ठेवा.

आपला,
एक शेतकरी वाचक